मरीन टाकीत रात्री वळवळणारे हे किडे कुठले? (सोलापूर)

कंबर_तलाव
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात घरी तीन फुटी मरीन टाकी आहे, साधारण दीडशे लिटरची. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिम्प, एक हर्मिट खेकडा आणि शेवाळ खायला सेरिथ गोगलगायी. कोरल नाहीत. मध्यंतरी पुण्यातल्या एका हौशी गृहस्थांनी टाकी मोडली, तेव्हा त्यांच्याकडचे सिरॅमिकचे दगड घेतले. कित्येक वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेले. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, थर्माकोलच्या खोक्यात घालून हुतात्मा एक्स्प्रेसने आणले. शेजारच्या सीटवरचे काका भिगवणपर्यंत नाक धरून बसले होते.

दगड टाकीत गेले आणि रात्री दिवे बंद करून टॉर्च मारला तर वेगळीच वस्ती. आतापर्यंत चार प्रकार दिसले:

१) बोटभर लांब, गुलाबी-करडा, अंगाचे कप्पे स्पष्ट दिसतात, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुबके. दगडाखाली भरपूर.
२) काचेवर बारीक पांढऱ्या चकल्या. एक-दोन मिलिमीटरच्या. नखाने खरवडल्या तर कर्रकन आवाज येतो.
३) दगडाच्या भोकांतून बाहेर आलेले दोन-दोन पातळ दोरे, सतत हलतात. खाणं टाकलं की जास्तच.
४) हा एकदाच दिसला. केशरी, गुळगुळीत, केस वगैरे काही नाही. उजेड पडला आणि आत गेला. फोटो हललाय, माफी.

आता मुख्य अडचण. गोगलगायी कमी होताहेत. सकाळी रिकामे शंख सापडतात. काल तर क्रमांक १ चा किडा एका शंखात अर्धा आत घुसलेला पकडला. घरच्यांचं म्हणणं टाकी विकून टाका. यातला घातक कुठला आणि बाहेर काढायचा कसा?

शेंगाचटणी
फोटो दिसत नाहीयेत.

कंबर_तलाव
परत चढवलेत. आता बघा.

शेंगाचटणी
दिसले. जेवताना धागा उघडायला नको होता.

खारा_वारा
मुंबईतून लिहितोय, मरीन टाक्या बरीच वर्षं करतोय. क्रमांक १ म्हणजे ब्रिसलवर्म. घाबरू नका. हे पॉलिकीट वर्गातले, म्हणजे आपल्या गांडुळाचे समुद्रातले भाऊबंद. टाकीत राहिलेलं खाणं, मेलेला मासा, विष्ठा, सगळं साफ करतात. दगडाच्या ज्या फटीत तुमची नळी पोचत नाही तिथली झाडलोट हेच करतात. संख्या वाढली म्हणजे तुम्ही खाणं जास्त टाकताय एवढाच अर्थ. खाणं कमी करा, आपोआप कमी होतील.

क्रमांक २ स्पायरॉर्बिड. नळीत राहणारे चिमुकले किडे, पाण्यातलं गाळून खातात. भिंग घेऊन बघा, नळीच्या तोंडाशी पिसाऱ्यासारखं काहीतरी उघडतं. निरुपद्रवी. काच पुसायला जुनं एटीएम कार्ड वापरा.

सात_रस्ता
खारा_वारा साहेब, किडा शंखात अर्धा आत सापडलाय आणि तुम्ही म्हणता झाडलोट करतो? चोर घरात सापडला तरी झाडूवालाच म्हणायचं का? मी असतो तर सगळे दगड ब्लीचमध्ये टाकून, उन्हात वाळवून, मग टाकीत घातले असते. सोलापूरचं ऊन कशाला आहे मग.

बाळीवेस
लै भारी ओ. आमच्याकडं माशाची टाकी म्हणजे गप्पी आणि गोल्डफिश. तुम्ही समुद्रच आणला की घरी. ते केसवालं घोण वाटायलंय मला. चावतंय का?

खारा_वारा
@बाळीवेस, चावत नाही, पण हात लावायचा नाही. ते केस काचेसारखे कडक आणि ठिसूळ असतात, कातडीत घुसून तुटतात. मग आग आग होते, दोन दिवस खाजतं.

@सात_रस्ता, ब्लीचने किड्यांबरोबर दगडातले जिवाणूही मरतात. तेच तर अमोनिया खातात. मुरलेला दगड आणायचं कारणच ते. तसला दगड ब्लीच करायचा तर कोरा विकत घ्यायचा ना, हुतात्मातून काकांना त्रास कशाला द्यायचा.

रेवणसिद्ध_२
हात लागलाच तर चोळू नका. सेलोटेप किंवा चिकटपट्टी दाबून लावायची आणि सरळ वर उचलायची, केस टेपला चिकटून येतात. मग व्हिनेगर. मी हे स्वतःच्या तर्जनीवर शिकलोय. ऑफिसात माउसवर क्लिक करता येत नव्हतं आणि साहेबांना कारण सांगितलं तर विश्वास बसेना.

माळढोक
हे बॉबिट वर्म तर नाही ना? २००९ साली इंग्लंडमधल्या न्यूकीच्या एका मत्स्यालयात कोरल कुरतडलेली दिसायची, मासे गायब व्हायचे. सापळे लावले, उपयोग शून्य. शेवटी अख्खी सजावट काढली तेव्हा जवळपास ४ फुटी किडा निघाला. त्याचं बारसंही केलं होतं, बॅरी म्हणून. जपानमध्ये तर बंदरातल्या तराफ्यात जवळजवळ ३ मीटरचा सापडला होता. तुमच्या क्रमांक ४ ची मला भीती वाटते. रात्री टाकीत हात घालू नका.

सात_रस्ता
घ्या. मी म्हटलं ना ब्लीच.

वहिनी_जुळे_सोलापूर
मी धागाकर्त्याची बायको. ४ फूट?? हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेंगाचटणी
धागा आता खरा सुरू झाला. पॉपकॉर्न नाही, कडक भाकरी घेऊन बसलोय.

प्राणिशास्त्र_मास्तरीण
वहिनी, शांत व्हा. दीडशे लिटरच्या टाकीत ४ फुटी किडा असता तर क्लाउनफिशची हजेरी रोज लागली नसती.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. नुसत्या रंगावरून समुद्री किडे ओळखायला जाऊ नका, फसगत होते. बघायचं ते डोकं आणि कडा. माझे प्रश्न:

कडांना केसांचे झुबके आहेत का? पांढरे, भरगच्च झुबके असतील तर ॲम्फिनोमिडी कुळ. टाक्यांत बहुतेक वेळा युरिथोई कॉम्प्लॅनाटा किंवा त्याचे सगेसोयरे. याच किड्यातून कॉम्प्लानिन नावाचं दाह करणारं द्रव्य वेगळं काढलेलं आहे, तेव्हा रेवणसिद्ध यांच्या तर्जनीला सहानुभूती. कोरल खाणारा कुप्रसिद्ध फायरवर्म, हर्मोडिस कॅरन्क्युलाटा, याच कुळातला, पण तो अटलांटिक आणि भूमध्य समुद्राकडचा. त्याच्या डोक्यामागे मांसल, घडीघडीचा तुरा असतो. तुमच्या फोटोत तसं काही नाही.

डोक्यावर मिश्या किती? युनिसिडी कुळातल्यांना, म्हणजे माळढोक म्हणतात त्या बॉबिटला, पाच मिश्या असतात. अंगावर इंद्रधनुषी झाक आणि आत वळवून ठेवलेले जबडे. या कुळातलेही सगळे खाटीक नसतात, बरेच जण शेवाळावर आणि उरल्यासुरल्यावर जगतात.

अंगाला बुळबुळीत थर सुटतो का? आणि रिकाम्या शंखांवर, मरण्याआधी, काही चिकट पडदा होता का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्याच.

कंबर_तलाव
मॅडम, क्रमांक ४ च्या मिश्या दिसल्या नाहीत. डोकं गुळगुळीत, टोकाला निमुळतं. पडद्याचं म्हणाल तर परवा एक सेरिथ उलटी पडली होती, तिच्या तोंडाशी पारदर्शक शेंबडासारखं काहीतरी होतं, बोटाला तार सुटली. मला वाटलं ती कुजायला लागली.

प्राणिशास्त्र_मास्तरीण
मग माझा संशय ओएनोन फुल्गिडा या किड्यावर. केशरी ते तपकिरी, वरून बघताना मिश्या दिसत नाहीत, कडांचे केस आखूड असल्याने गुळगुळीत वाटतो. दगडात बिळं करून राहतो आणि रात्री गोगलगायी-शिंपल्यांवर जातो. भरपूर बुळबुळीत द्रव सोडून शंखाला गुरफटतो आणि आतलं खातो. हललेल्या फोटोवरून खात्री देत नाही, पण तुमची लक्षणं जुळतात.

शंखात सापडलेला ब्रिसलवर्म मागाहून आलेला असणार. मेलेल्याच्या वासावर ते सगळ्यात आधी पोचतात. जो मढ्यापाशी सापडला तोच मारेकरी, असं धरून पुष्कळ टाक्यांत निरपराध किडे मारले जातात.

सात_रस्ता
मॅडम, आदर आहे, पण मारेकरी नसला तरी मढं खाणारा किडा माझ्या हॉलमध्ये मला नको. दिसायलाही चांगला नाही.

खारा_वारा
दिसायला चांगलं नाही म्हणून हाकलायचं तर आधी माझी स्किमरची, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून काढणाऱ्या यंत्राची, वाटी फेकायला हवी.

सात_रस्ता, एक लक्षात घ्या. चिमट्याने ओढताना हे तुटतात आणि युरिथोई तर तुकड्यांतूनच नवा किडा वाढवतो. रागारागाने एकाचे दोन व्हायचे. कमीच करायचे असतील तर बायकांच्या जुन्या नायलॉन मोज्यात कोळंबीचा तुकडा बांधून रात्री तळाला ठेवा. केस जाळीत अडकतात, सकाळी मोज्यासकट उचला.

वहिनी_जुळे_सोलापूर
माझे मोजे मिळणार नाहीत.

गड्ड्याची_जत्रा
वेगळाच प्रश्न. सोलापुरात मे महिन्यात मरीन टाकी टिकते कशी? पारा ४३-४४ ला जातो. चिलर घेतला का?

कंबर_तलाव
चिलर महाग पडतो. संपवर (टाकीखालची फिल्टरची टाकी) आणि टाकीवर पंखे लावलेत. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवन जोरात आणि पाणी तीनेक डिग्रीने तरी उतरतं. खोलीत दुपारी एसी लागतोच, नुसत्या पंख्यावर २७ पर्यंत येत नाही.

खारा_वारा
याचा आम्हाला हेवा वाटतो. मुंबईत पावसाळ्याआधीच्या दमट हवेत पंखा फिरवून फक्त वीजबिल येतं.

गड्ड्याची_जत्रा
पण पाणी उडणार तेवढं भरावं लागणार. आपल्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी.

कंबर_तलाव
तीच खरी कसरत. उडतं ते गोडं पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून वरून भरायचं ते आरओचं, नुसतं गोडं. खारं भरलं तर खारटपणा चढत जातो. घनता १.०२५ ला धरून ठेवायची. आणि आरओ एका लिटरमागे तीन-चार लिटर वाया घालवतो. ते फेकपाणी बादल्यांत साठवून फरशी आणि संडासाला वापरतो. बोअरचं पाणी थेट वापरायचा प्रश्नच नाही, इतकं जड आहे की गिझरची कॉइल वर्षात पांढरी होते.

बाळीवेस
म्हणजे उजनीचं पाणी आणून, गाळून, त्यात मीठ घालून, किडे पाळायलाव. आमचा आज्जा असता तर काठी घेऊन आला असता.

शेंगाचटणी
बाळीवेस +१११

कायद्याचं_बोला
एक गंभीर मुद्दा. नवीन लोक हा धागा वाचून 'लाइव्ह रॉक', म्हणजे जिवाणू मुरलेले समुद्री दगड, शोधायला निघतील. बाजारात त्या नावाने पुष्कळदा मेलेल्या प्रवाळाचे तुकडेच विकतात. खडक बांधणारी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, समुद्रपंखे हे सगळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत आहे, त्याच. दुकानदार 'चालतं हो' म्हणाला तरी चालत नाही. धागाकर्त्याने सिरॅमिकचे घेतले हे उत्तम केलं.

माळढोक
मेलेल्या तुकड्यालाही लागू?

कायद्याचं_बोला
हो. सांगाडा बाळगला तरी. समुद्रकिनाऱ्यावरून 'आठवण' म्हणून उचलून आणणाऱ्यांनीही ऐकावं.

रेवणसिद्ध_२
क्रमांक ३ राहिला ना. दोन दोरेवाला.

खारा_वारा
खरंच राहिला. दोन शक्यता. नळी मऊ, गाळाची असेल आणि दोरे पाण्यात चाबकासारखे फिरत असतील तर स्पायोनिड. दोन लांब हातांनी पाण्यातलं खाणं वेचतो, बाकी काही करत नाही. नळी कडक, चुनखडीची, टोकदार असेल आणि खाणं टाकल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरत असतील तर तो किडाच नाही, व्हर्मेटिड नावाची गोगलगाय आहे. ती चिकट जाळं टाकते आणि मग ते जाळंच गिळून घेते. ड्रॉपरने भोकाजवळ थोडं खाणं सोडा आणि दहा मिनिटं बघत बसा.

कंबर_तलाव
बघितलं. बहुतेक ठिकाणी मऊ नळी आणि चाबूक. पण एका दगडावर दोन-तीन कडक टोकं आहेत. तिथून आधी काहीच हाललं नाही, मग एक पारदर्शक तंतू निघाला, पंपाच्या झोताबरोबर ताणला गेला. त्याला खाण्याचे कण चिकटले आणि सगळं हळूहळू आत ओढलं गेलं. तिसरीतला मुलगा शेजारी उभा होता, म्हणाला, 'बाबा, तो ताटासकट जेवला.'

खारा_वारा
व्हर्मेटिड. कोरल असते तर त्यांना जाळ्याचा त्रास झाला असता. तुमच्याकडे नाहीत तेव्हा घाई नाही. वाढायला लागले तर टोक मोडून भोकावर सुपर ग्लूच्या जेलचा थेंब ठेवायचा, गुदमरतात.

प्राणिशास्त्र_मास्तरीण
मुलाला सलाम. माझ्या एफवायच्या वर्गात इतकं नेमकं निरीक्षण कुणी लिहीत नाही.

क्रमांक ४ पकडण्याबद्दल. आधी तो कुठल्या दगडात राहतो ते शोधा. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधा. लाल उजेडाला हे किडे फारसं जुमानत नाहीत. दगड कळला की फक्त तो बाहेर काढा. बादलीत टाकीचंच पाणी घ्या, मीठ घालून घनता १.०४० च्या आसपास न्या, मीठ पूर्ण विरघळू द्या आणि दगड त्यात ठेवा. खारटपणा सोसवत नाही म्हणून आतले रहिवासी स्वतःहून बाहेर येतात. मग दगड टाकीच्या पाण्यात खळबळून परत जागेवर. ब्लीच नको, गोडं पाणीही नको. आत मेलेले किडे कुजून अमोनिया होतो.

सात_रस्ता
मॅडमनी सांगितलं म्हणून बादली. पण ब्लीचची बाटली जवळ ठेवा.

कंबर_तलाव
अपडेट देतो.

मुलाच्या क्राफ्टच्या पिशवीतला लाल जिलेटीन टॉर्चला बांधून मी आणि मुलगा टाकीसमोर बसलो. पहिल्या रात्री फक्त ब्रिसलवर्म आणि डास. नंतर एका रात्री डावीकडच्या मोठ्या दगडाच्या खालच्या भोकातून केशरी टोक निघालं. वाळूवर चरणाऱ्या सेरिथपर्यंत गेलं, शंखाला वळसा घातला आणि शंखाभोवती पाणी जाडसर दिसायला लागलं, पाण्यातच जेली पसरावी तसं. गोगलगायीने झाकण घट्ट लावून घेतलं होतं. मी शंख हिसकावून घेतला, किडा बिळात पळाला. गोगलगाय वाचली, सध्या काचेवर चरतेय.

सकाळी तो दगड बादलीत. आधी ब्रिसलवर्म निघाले, मग एक जाडा, तपकिरी, केस-कप्पे काहीच नसलेला, सोंडेसारखं तोंड आतबाहेर करणारा प्राणी. हा कोण ते सांगा. शेवटी केशरी साहेब. लांबी जवळजवळ वीतभर. फोटो दिलेत, या वेळी हललेले नाहीत. बादलीचं पाणी इतकं बुळबुळीत झालं की गाळणीतून गळेना.

वहिनी_जुळे_सोलापूर
गाळणी चहाची होती. नवीन आणली आहे. नोंद घ्यावी.

प्राणिशास्त्र_मास्तरीण
उत्कृष्ट फोटो. वर्तन, श्लेष्मा, डोकं सगळं जुळतंय, ओएनोन म्हणायला हरकत नाही. सोंडवाला जाडा म्हणजे सिपंक्युलिड, हौशी लोक त्याला पीनट वर्म म्हणतात. निरुपद्रवी. सोडा परत टाकीत. ब्रिसलवर्मही सोडा.

केशरी टाकून देऊ नका. आमच्या प्रयोगशाळेत समुद्री नमुने कमीच आहेत, समुद्र आपल्यापासून लांब. बरणीत अल्कोहोलमध्ये ठेवता आला तर मी न्यायला येईन.

सात_रस्ता
ब्रिसलवर्म परत सोडणार? खरंच?

कंबर_तलाव
सोडले. खाणंही निम्मं केलंय. मॅडम, व्यनि (खासगी निरोप) करतो. तोवर स्पिरिट चालेल की अल्कोहोलच लागेल?

प्राणिशास्त्र_मास्तरीण
शुद्ध इथाईल अल्कोहोल, ७० टक्क्यांवर आणलेलं. मी घेऊन येते, तोवर टाकीच्याच पाण्यात झाकण लावून थंड जागी ठेवा.

वहिनी_जुळे_सोलापूर
थंड जागी म्हणजे फ्रिजमध्ये नाही. मॅडम, तुम्ही आजच या.

बाळीवेस
मी बी येतो बघायला. येताना शेंगाची पोळी आणू का, किड्यांना चालंल?

खारा_वारा
किड्यांना सगळं चालतं, तीच तर भानगड आहे. पोळी माणसांनी खा. आणि कंबर_तलाव, दगडावरच्या त्या कडक टोकांवर लक्ष ठेवा. दोनाची वीस व्हायला लागली की सुपर ग्लूसाठी नवा धागा काढा, हा फार लांबला.